वरचं गाव, खालचं गाव



पर्यावरण नियोजनाची पदवी घेऊन तुम्ही बाहेर पडता आहात. तुम्हाला नकाशे करता येतात, पावसाची आणि भूजलाची गणितं मांडता येतात, संगणकावर पुढची तीस वर्षं मिनिटभरात पळवता येतात. त्याचं कौतुक आज पुष्कळ होईल, आणि व्हायलाच हवं. मला विचारायचंय ते एवढंच, की ज्यांच्या शिवारावर तुमचं हे संगणकी मॉडेल चालणार, त्यांना त्यातला एखादा नियम चुकीचा आहे असं म्हणून बदलून घेता येईल का?

भूतानमधली एक हकिगत सांगतो. तिथे लिंगमुतेचू नावाचं छोटं खोरं आहे. सात गावं आणि डोंगरउतारावर भातखाचरं. लिंबुखा वरच्या अंगाला, दोम्पोला खाली. रिवाज असा होता, की भातलावणीला पाणी आधी लिंबुखाचं. भूतानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा दहावा दिवस उजाडेपर्यंत दोम्पोलाने वाट पाहायची. पाऊस लांबला की भांडण ठरलेलं. कालव्याच्या टेलला जमीन असलेली मंडळी या सभागृहात असतील, तर त्यांना हे वेगळं समजावायला नको.

तायन राज गुरुंग हे भूतानी संशोधक, आणि त्यांच्यासोबत फ्रांस्वा बूस्के, गी त्रेबुय हे फ्रेंच अभ्यासक, यांनी तिथे एक खेळ मांडला. दोन्ही गावांतले शेतकरी खेळाडू. प्रत्येकाच्या वाट्याला काही खाचरं, पाऊस कमी की जास्त हे नशिबावर, आणि कुठे काय लावायचं, उरलेलं पाणी कुणाला द्यायचं, हा निर्णय ज्याचा त्याचा. आधी प्रत्येक गावाने आपसात बोलून खेळायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसून. आणि मग भूमिका बदलून: लिंबुखाचा माणूस दोम्पोलाचा, दोम्पोलाचा लिंबुखाचा. पाण्याचा तंटा आयुष्यभर एकाच बाजूने पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूची कोरडी खाचरं हातात धरून डाव खेळावा लागला.

संगणक आला तो यानंतर. खेळात शेतकऱ्यांनी जे नियम पाळले, मोडले, दुरुस्त केले, तेच त्यात भरले आणि निरनिराळ्या शक्यता चालवून पाहिल्या. पडद्यावर काय हलतंय ते खेळाडूंना कळत होतं, कारण त्या चाली त्यांच्याच होत्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात पुढचं नोंदलंय: पाणीवाटपाचा ठोस करार झाला आणि पुढे सगळ्या पाणलोटासाठी एक सामाईक व्यवस्थाही उभी राहिली.

जलविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत हा खेळ कदाचित नापास होईल. नशिबावर पडणारा पाऊस, मोजकी खाचरं, बाष्पीभवनाचा पत्ता नाही! पण दोम्पोलाला पाणी कमी पडतं हे सांगायला मॉडेल लागतच नव्हतं. अडलं होतं ते समोरासमोर बसून ‘असं केलं तर काय होईल’ हे भांडण न होता पाहण्यापाशी. तेवढं काम त्या खेळाने केलं.

असं एकत्र बसून ठरवणं आपल्याकडे नवं वाटू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. निरीक्षण विहिरींची पातळी, पडलेला पाऊस, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात रब्बीला काय. ऊस आणि केळीला मनाई, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी. बेरीज-वजाबाकीचंच गणित, पण ते सगळ्यांदेखत होतं.

उलट उदाहरणही आपलंच आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. साधारण नऊ किलोमीटरचे चौकोन आखून घाटाची संवेदनशीलता ठरवली होती, आणि पुढचं ग्रामसभांशी बोलून ठरवा असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अहवाल लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं, तेही माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर. घाटातल्या अनेक गावांत अहवालाऐवजी वावड्याच पोचल्या. त्या चौकोनांवर वाद घालण्याची, एखादा चौकोन चुकलाय म्हणण्याची संधी बहुतेक ग्रामसभांना मिळालीच नाही. माझ्या मते गाडगिळांच्या शास्त्रापेक्षा या उशिराने जास्त नुकसान केलं.

आता तुम्हाला सावध करतो. लोकसहभाग हा शब्द सरकारी कागदावर फार स्वस्त झालाय. सकाळी अकराची बैठक लावा. मजुरीला जाणाऱ्या बायका त्या वेळी खुरपणीला गेलेल्या असतात. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या, चहा-बिस्किटं, दोन फोटो, आणि बोलणारे तेच तिघेचौघे, ज्यांच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असतं. अशा बैठकीतून निघालेलं मॉडेल बंद खोलीतल्या मॉडेलपेक्षा घातक, कारण त्याच्यावर गावाचा शिक्का बसलेला असतो. ज्याच्याकडे विहीरच नाही तो तुमच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात येतो, हे आधी तपासा. मेंढपाळ वर्षातून दोन महिने येतात, त्यांना कुठल्या गावाचं धरायचं तेही विचारा. खेळ मांडणाराही तटस्थ नसतो बरं का. कुठला प्रश्न पटावर ठेवायचा आणि कुठला पिशवीतच राहू द्यायचा, हे त्याच्याच हातात असतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पहिला प्रकल्प-प्रस्ताव लिहाल तेव्हा खर्चाच्या तक्त्यात एक ओळ वेगळी घाला: मॉडेल तयार झाल्यावर ते घेऊन गावात परत जाण्याचा खर्च, आणि गावाने ते मोडीत काढलं तर पुन्हा बांधायला लागणारे महिने. निधी देणारे सर्वांत आधी हीच ओळ खोडतात. ती का खोडायची नाही हे त्यांना पटवून देण्याचं काम आजपासून तुमचं.