पावसाळ्यातही ताटात घरचंच



शिरगावचं शिवार आता बदलापूर शहरात मिसळलं आहे. पण आसपासच्या गावांत, उल्हास आणि बारवी नदीच्या खोऱ्यात, भात लावणारी घरं अजून आहेत. अशा घरांतही आषाढात भाजी बाजारातून येते. घाटावरची भाजी उतरली नाही, की भाव चढतो आणि आपण भाताबरोबर नुसती चटणी खातो. हे टाळता येतं. कसं, ते आज पाहू.

हिवाळ्यात वाल, वांगी, मुळा, माठ असतो. श्रावणापुढे वेलीची भाजी सुरू होते. खरी ओढाताण होते ती वैशाखापासून आषाढापर्यंत. विहीर खाली गेलेली, परस सुकलेला. हे तीन महिने सांभाळायचे, तर तयारी भातकापणीपासूनच करायला हवी.

पहिलं पीक वालाचं. भात निघाल्यावर खाचरात ओल असते. ती उडून जाण्याआधी वाल पेरावा. या ओलीवरच तो येतो. दाणे तयार झाले की सगळे विकू नका. आठवड्यातून दोनदा पाव-पाव किलोचं बिरडं धरलं, तर चार महिन्यांना आठ-नऊ किलो पुरतात. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवा. मग चाळलेली कोरडी राख मिसळून झाकणाच्या डब्यात ठेवा. बियाण्याचा वाल वेगळा काढा.

वरकस जमीन असेल तर थोडी नाचणी जरूर लावा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. वाढत्या मुलांना आणि बाळंतिणीला हा फरक मोठा आहे.

उन्हाळ्यात फणस, कैरी, करवंदं, जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा चांगली फळं जरूर विका. पण घरच्या पोरांना आधी पोटभर खाऊ द्या. कैरीच्या फोडींची आंबोशी करा. फणसाच्या आठळ्या फेकू नका. माती लावून कोरड्या जागी ठेवल्या, तर पावसात भाजीत घालता येतात.

पहिला पाऊस पडला की रान आपल्याला जेवू घालतं. शेवळं, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, पुढे कंटोळी. यांना ना बी, ना खत. मात्र तीन गोष्टी पाळा. एक, नक्की ओळखीचीच भाजी तोडा. शेवळाचा आतला पिवळा भाग काढून टाका, काकडं किंवा चिंच घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खवखवतो. दोन, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठची भाजी घेऊ नका. तीन, कंद उपटू नका, म्हणजे पुढच्या वर्षी भाजी तिथेच मिळेल. आणि बांधावर सरसकट तणनाशक मारू नका. ज्याला आपण तण म्हणतो, त्यातच टाकळा आणि कुरडू असतो.

त्याच पावसात परसात पडवळ, शिराळी, काकडी, लाल भोपळा टोचा. मोरीच्या पाण्यावर अळू लावा. शेवगा मात्र उंचवट्यावर, पाणी साचणार नाही अशा जागी. पिकलेला भोपळा देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला, तर कित्येक आठवडे टिकतो.

शेवटची गोष्ट. कोणती भाजी कुठे उगवते, कशी शिजवायची, हे तुमच्या घरातल्या आजीला माहीत आहे. ते कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. येत्या मृगाला पोरांना तिच्याबरोबर बांधावर पाठवा. जमीन कमी झाली तरी एवढं ज्ञान हातात राहिलं पाहिजे.

लक्षात ठेवा: कापणीनंतर वाल, उन्हाळ्यात साठवण, पावसात रानभाजी, श्रावणापासून परस.