सुप्याचा बाजार आणि आमच्या भिंतींतला कागद

(गांवच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं मारुतीच्या देवळापुढें भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आम्हांस भाषणाची संवय नाहीं. फळ्यापुढें उभें राहून बोलतों तेवढेंच. पण यात्रेच्या निमित्तानें पोटामागें बाहेरगांवीं गेलेलीं आपलीं माणसें आज घरीं आलीं आहेत. पुन्हां इतकीं एका ठिकाणीं वर्षभर दिसावयाचीं नाहींत. म्हणून मंडळींनीं "मास्तर, गांवचें कांहीं जुनें सांगा" असें म्हणतांच आम्ही नाहीं म्हटलें नाहीं. गोष्ट एकच सांगणार आहों. ती अर्धी पुस्तकांत आहे आणि अर्धी आमच्या घराच्या भिंतींत होती.

आधीं भिंतीची सांगतों. चार वर्षांमागें आमच्या घराचें माळवद उतरवून सिमेंटचें घर बांधावयास घेतलें. आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों. मागल्या भिंतींत एक बुजविलेला कोनाडा होता तो गवंड्यांनीं फोडला, तों आंत जाड्याभरड्या कापडांत बांधलेलें कागदांचें दप्तर निघालें. कामावरच्या पोरांनीं घरांत विचारलें, तेव्हां आमच्याच घरच्यांनीं सांगितलें, "जुनी रद्दी आहे, चुलींत घाला." त्या कागदांवर चहाचें पाणी उकळलें. सायंकाळीं आम्ही आलों तों चुलीपाशीं चार कागद शिल्लक राहिले होते, तेही कडेनें करपलेले. ज्या घरांत मास्तर नाहीं त्या घरच्या कागदांचें काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

चारही कागद मोडींत होते. वीस वर्षें आम्ही लोकांच्या पोरांना बाराखडी शिकवितों, आणि आमच्याच वाडवडिलांच्या हातचा कागद आम्हांस वाचतां येईना! कागद उलटा धरला आहे कीं सुलटा, एवढें समजलें तरी पुष्कळ अशी आमची गत. लाज वाटली. सुट्टीत पुण्यास जाऊन मोडीच्या वर्गांत पोरांबरोबर बांकावर बसलों. वर्षभरानें अक्षर लागूं लागलें. तीन कागद सरकारसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. चवथें मात्र कर्जखत निघालें. शके १७९५, म्हणजे इसवी सन १८७३-७४ मधलें. ह्या खताचा उलगडा करावयाचा तर सुप्याच्या बाजारांत जावें लागतें.

सुपें म्हणजे आपलें, बारामतीकडचें. पारनेर तालुक्यांतलें सुपें निराळें. शाळेंतल्या पोरांना हें गांव ठाऊक असतें तें शहाजीराजांच्या जहागिरीमुळें, आणि शिवाजी महाराजांनीं संभाजी मोहिते मामांकडून तेथलें ठाणें घेतलें म्हणून. तें ठाऊक असावेंच. पण राजेरजवाड्यांचें सुपें एक, आणि बैलावर बाजरीची गोण लादून बाजाराला जाणाऱ्या आपल्या खापरपणज्यांचें सुपें दुसरें. त्या दुसऱ्या सुप्याची परीक्षेंत फारशी विचारणा होत नाहीं.

तारीख १२ मे १८७५. बुधवार होता, बाजाराचा दिवस. वैशाखाचें ऊन. तेव्हां हा मुलूख भीमथडी तालुक्यांत मोडत असे. आसपासच्या गांवचे शेतकरी जमले आणि बाजार करण्याऐवजीं त्यांनीं गुजर सावकारांच्या दुकानांपुढें उभे राहून एकच मागणी केली: आमचीं खतें आणि तुमच्या वह्या बाहेर काढा. त्या बाहेर आल्या आणि पेटल्या. लूटही झाली, तें लपवून चालावयाचें नाहीं. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं, सावकारांच्या घरांनाही आगी लावल्याची नोंद आहे. तेथून हें लोण दोन महिन्यांत पुणें व नगर जिल्ह्यांतल्या तीसांहून अधिक गांवांत गेलें. सरकारानें चौकशीसाठीं कमिशन बसविलें, त्याला दंग्यांचें कमिशन असेंच नांव पडलें. त्याच्या अहवालांत एक गोष्ट स्पष्ट नमूद आहे. जेथें सावकारानें मुकाट्यानें कागद दिले तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं. दार लावून घेतलें तेथें मात्र बळजबरी झाली. लोकांचा डोळा कागदावर होता.

कागदावर इतका राग कां? मंडळी, तो कागद कसा होत असे तें ऐका. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. सावकार घरीं येऊन पैसे देऊं लागले. लढाई संपली, भाव कोसळला. तशांत नव्या पाहणीनें सारा वाढला, कोठें दीडपट, कोठें दुप्पट. सारा रोख भरावयाचा, पाऊस तर आपल्या भागाला ठाऊकच आहे; ढग पुरंदरावर अडतात आणि आपल्याला नुसता वारा. मग पुन्हां सावकाराचा ओटा. व्याज मुदलाहून अधिक होऊं नये असा आपला जुना रिवाज होता. त्यांत १८५९ सालीं कायदा झाला कीं कर्जखताची मुदत तीनच वर्षें. कायदा करणाऱ्यानें कुळाच्या भल्यासाठीं केला, पण घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं सावकार खत पालटी, मागलें व्याज मुदलांत मिळवी आणि त्या नव्या मुदलावर नवें व्याज चढे. भरलेल्या रकमेची पावती मिळत नसे. लिहिणारा सावकाराचा गुमास्ता. आपला माणूस खालीं निशाणी करी: कुणबी असेल तर नांगर, बलुतेदार असेल तर आपल्या धंद्याचें हत्यार. वरती काय लिहिलें आहे तें ज्याच्या गळ्याला फांस त्यालाच ठाऊक नाहीं. (हल्लीं आपण फोनवर कर्ज घेतांना खालचें बारीक अक्षर न वाचतां "मान्य" दाबतों, तेव्हां आम्हांस तो नांगर आठवतो.)

ह्या प्रकरणाची सुरुवात सुप्यास झाली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. आदल्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतल्या करडें गांवीं एका सावकारानें कोर्टाच्या हुकुमावर एका कर्जबाजारी देशमुखाचें राहतें घर घेतलें. गांव चिडला. पण त्यांनीं काठी उगारली नाहीं. सावकाराचें काम कोणी करावयाचें नाहीं, एवढेंच ठरविलें. न्हावी हजामतीस जाईना, पाणी भरणारा पाणी भरीना, घरगडी सुटला. सावकारास अखेर गांव सोडावें लागलें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. पुस्तकांत ह्यास शेतकऱ्यांचा दंगा म्हणतात. पण करड्यास जें साधलें तें वस्तऱ्यानें आणि घागरीनें साधलें. बलुतेदार बाजूला राहिला असता तर शेतकऱ्याच्या हातून काय व्हावयाचें होतें? आपल्या गांवांत अजून कोणी कुणबावा जास्त आणि कारागीर कमी असें मानीत असेल तर त्यानें करड्याकडे एकदां पाहावें.

दोन्ही जिल्हे मिळून ९५१ असामी धरले गेले. पुढल्याच वर्षीं १८७६ चा मोठा दुष्काळ आला, त्यानें उरलेंसुरलें धुवून नेलें. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला, पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता. कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालावयाचें नाहीं, कोर्टानें खतामागचा मूळ हिशेब पाहावा, खत सरकारी नोंदणी करणाऱ्यापुढें लिहावें, पावती मागतां यावी, अशीं कलमें त्यांत होतीं. त्यानेंही सावकारी मेली नाहीं, पण पावतीचा हक्क मिळाला.

हें सारें साहेबानें लिहिलेलें. सुप्याच्या बाजारांत त्या दिवशीं उभा असलेल्या कोणा कुणब्यानें, सुतारानें, कुंभारानें आपल्या हातानें लिहिलेली ओळ आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांना लिहितांच येत नव्हतें. जोतीराव फुल्यांनीं दोनच वर्षें आधीं, १८७३ सालीं, पुण्यास सत्यशोधक समाज काढला होता, आणि शेतकऱ्याच्या दशेवर त्यांचा "शेतकऱ्याचा असूड" १८८३ सालीं पुरा झाला. पण सुप्याहून रिकाम्या हातीं घरीं परतलेल्या माणसानें आपल्या बायकोला काय सांगितलें, तें कोठें मिळावयाचें? तें म्हाताऱ्यांच्या तोंडीं होतें.

आमच्या आजीच्या तोंडीं होतें. ती सांगे, तिच्या सासूला तिच्या सासूनें सांगितलें होतें, कीं ह्या घरचा माणूस बाजरी घेऊन बाजाराला गेला तो बाजरीही न विकतां आणि मीठही न आणतां पळत आला, छातीशीं कांहींतरी धरलें होतें, आणि त्या रात्रीं त्यानें भिंत लिंपली. आम्ही हें लहानपणीं शंभर वेळां ऐकलें. आजीला एकदांही विचारलें नाहीं, काय धरलें होतें? ती गेली आणि भिंत पडली, तेव्हां विचारण्याची बुद्धि झाली.

आतां तें खत. फेडलेलें खत सावकार फाडून तरी देई किंवा वर "भरून पावलों" असा शेरा मारून देई. आमच्या खतावर शेरा नाहीं, आणि तें फाडलेलेंही नाहीं. न फिटलेलें खत कुळाच्या घरीं कसें येणार? तेव्हां आमचा कयास असा कीं तें त्या बुधवारींच आलें. पुरावा म्हणून आम्ही तें कोर्टांत मांडणार नाहीं; तुमच्यापुढें मांडतों.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. खतावर नांव आमच्या घराचें नाहीं! खालीं निशाणी नांगराची नाहीं, वाकसाची आहे. आपल्याच गांवच्या सुताराचें तें खत. चाळीस रुपयांचें, मागलें खत पालटून केलेलें. म्हणजे आमच्या खापरपणज्यानें त्या गर्दींत हाताला आला तो कागद उचलला, आपला समजून छातीशीं धरला आणि चार कोसांवरून पळत आणला. वाचतां येत नव्हतें. पुढें कोणी तरी वाचून दाखविलें असेल, किंवा निशाणी पाहून त्याचें त्यालाच कळलें असेल. मग त्यानें जाळलें कां नाहीं, सुताराला नेऊन कां दिलें नाहीं, हें आम्हांस उमगत नाहीं. कदाचित् पोलिसांच्या धाकानें दडविलें. आणि त्याचें स्वतःचें खत? तें जळालें कीं सावकाराच्या पेटींत सुखरूप राहिलें? तें कळावयास मार्ग नाहीं.

आम्ही कागद घेऊन सुतारांच्या घरीं गेलों. थोरल्या आजोबांना वाचून दाखविला. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मास्तर, सभेंत आमच्या म्हाताऱ्याचें नांव घेऊं नका. कर्जांत होता म्हणतील. नातीचें अजून जमवावयाचें आहे." दुसऱ्या एका घरीं पणजोबाला त्या वर्षीं शिक्षा झाली असें बोललें जातें, त्यांनीं तर आम्हांस बसूंही दिलें नाहीं. दंगेखोर हा शब्द साहेबानें एकदां लिहिला आणि आपण तो दीडशें वर्षें अंगावर वागविला. आमचें मत विचाराल तर ह्यांत लाजेसारखें कांहीं नाहीं. पण नांव त्यांच्या घरचें आहे, आम्ही तें घेणार नाहीं.

आणि दुकानदारांच्या आजीबाईंनीं सांगितलेली गोष्टही ह्याच वहींत आली पाहिजे. त्यांच्या घरीं अशी आठवण चालत आली आहे कीं त्या दिवसांत त्यांच्या घरच्या बायका लेंकरें घेऊन एका कुणब्याच्या कडब्याच्या गंजीमागें रात्रभर बसल्या होत्या, आणि त्या कुणबिणीनें पोरांना भाकरी दिली. कोणत्या घरची ती, हें त्यांना ठाऊक नाहीं. कोणाच्या घरीं ह्याची आठवण असेल तर आम्हांस सांगावें. त्यांचा नातू आणि सुतारांची नात आज आमच्या शाळेंत एकाच वर्गांत बसतात, आणि दोघांनाही ह्यांतलें कांहीं माहीत नव्हतें.

तर मंडळी, येत्या शनिवारीं दुपारीं शाळा सुटल्यावर आम्ही शाळेच्या ओट्यावर बसणार आहों. ज्यांच्या घरीं जुना कागद असेल त्यांनीं घेऊन यावें. उंदरांनीं खाल्लेला, भिजलेला, अर्धा असला तरी आणावा. चिकटपट्टी लावूं नये, घडी बळें उलगडूं नये, उन्हांत वाळवूं नये. कागद आम्ही ठेवून घेणार नाहीं. वाचून, नक्कल करून, ज्याचा त्याला त्याच बैठकींत परत देऊं, आणि ज्यांना नांव नको त्यांचें नांव नकलेंत येणार नाहीं. ज्यांच्याकडे कागद नाहीं पण म्हातारें माणूस आहे, त्यांनीं म्हाताऱ्या माणसाला घेऊन यावें. चालवत नसेल तर आम्ही पोरांना घेऊन घरीं येऊं.

सुतारांच्या आजोबांचा काल निरोप आला आहे. नांव वाचावयाचें नाहीं, पण वाकसाची निशाणी पोरांना दाखवावी, असें ते म्हणतात. ते स्वतः शनिवारीं येणार आहेत, आणि जुना वाकसही बरोबर आणणार आहेत.