परसातले पक्षी आणि उमेद

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



ज्यांचा आज सत्कार झाला त्यांचे मनापासून अभिनंदन. मला मात्र बोलायचे आहे ते मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांशी, आणि निकालामुळे जे आज आलेच नाहीत त्यांच्याशी. मी पक्षितज्ज्ञ नाही. बँकेत क्लार्क आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. घरात घडले तेवढेच सांगतो, आणि मुलाला विचारूनच सांगतो.

2023 साली माझा मुलगा बारावीत दोन विषयांत नापास झाला. बापाने जे करू नये ते मी केले. चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पुढे मी बोलू लागलो, तर तो बोलेना. कल्याण पूर्वेला आमचे घर तळमजल्यावर. मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत जेमतेम सहा फुटांची पट्टी. तिच्यात वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटक्या फरश्या आणि कुणीतरी लावून विसरलेले वांग्याचे झाड. तो दिवसभर त्या खिडकीशी बसे. एका रात्री जेवताना आपण होऊन म्हणाला, "पप्पा, मागे एक पक्षी पान शिवतोय." निकालानंतर त्याच्या तोंडून आलेले ते पहिले पूर्ण वाक्य.

तो शिंपी पक्षी होता. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी. चोचीने पानांच्या कडांना भोके पाडायची, कापसाच्या किंवा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने त्या जोडायच्या आणि त्या खोळीत घरटे करायचे, असा त्याचा उद्योग. घरट्यात तीन अंडी दिसली. एका सकाळी घरटे रिकामे! मांजर की कावळा, कळले नाही. मुलापेक्षा मीच जास्त हळहळलो. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या झुडपात पुन्हा पाने शिवणे सुरू झाले. जोडी तीच असावी. मुलाने भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला घेतल्या. वही उघडली गेली, एवढेच मला पुरे होते.

मग मी वाचनालयातून डॉ. सलीम अलींविषयी पुस्तके आणली. एवढा मोठा माणूस, पण विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती म्हणून त्यांना भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी लागली, पण जर्मनीत शिकून 1930 साली परत आले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. बेकार अवस्थेत ते अलिबागजवळच्या किहीमला पत्नीच्या घरी राहायला गेले, आणि तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळत बसले. आपण बाईच्या नावाने 'सुगरण' म्हणतो, पण खोपा विणतो नर. तो अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहते. पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीसाठी नवा विणायला घेतो. हे सारे सलीम अलींनी त्या बेकारीच्या दिवसांत टिपले, आणि त्या अभ्यासाने पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. कल्याणहून टिटवाळ्याकडे जाताना शेतांच्या कडेला असे खोपे लटकलेले दिसतात. मी कित्येक वर्षे त्यांच्याखालून गेलो, मान वर केली नाही.

पट्टी आम्ही दोघांनी रविवारी-रविवारी साफ केली, सगळी नाही. एक कोपरा मुद्दाम गचाळ ठेवला, त्यावरून सोसायटीत बोलणीही खाल्ली. अडुळसा लावला, कारण त्याच्या फुलांवर शिंजीर येतो. जास्वंद लावली, कढीपत्ता आणि लिंबू लावले. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की आपण फवारा आणायला धावतो. अळ्याच नसतील तर पक्ष्यांनी पिलांना भरवायचे काय? 2015 साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या निळ्या 'ब्ल्यू मॉरमॉन'च्या अळ्यासुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. मातीच्या परळात पाणी ठेवतो आणि डास होऊ नयेत म्हणून रोज बदलतो. दयाळ, बुलबुल, हिवाळ्यात धोबी, अशी अठरा नावे वहीत झाली आहेत. ठाण्याच्या खाडीवर रोहित पाहायला लोक लांबून येतात, जरूर जावे. पण आमच्या खिडकीला भाडे पडत नाही.

मुलगा जुलैच्या पुरवणी परीक्षेत एकच विषय सुटला. दुसऱ्यासाठी पुढचा मार्च उजाडला. शिंप्याची दोन पिले मात्र ऑगस्टमध्ये उडाली. त्या दिवशी त्याने मला बँकेत फोन केला होता, आणि मी काउंटरवर रांग उभी असतानाही तो घेतला.

आता आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. पट्टी राहील असे वाटत नाही. म्हणून मुलाने अडुळशाच्या फांद्या दुधाच्या पिशव्यांत लावल्या आहेत. पंचवीस पिशव्या बाहेर चपलांच्या शेजारी ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे हातभर जागा असेल त्यांनी जाताना एकेक घेऊन जावी. पहिले आठ दिवस उन्हात ठेवू नका.