पाचवी ते आठवी : संख्येचा अर्थ बदलतो तेव्हा

(शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शालेय गणिताची चर्चा सुरू झाली की बहुधा दोनच टोकांचा विचार होतो. एक टोक पाढ्यांचे आणि दुसरे दहावीच्या गुणपत्रिकेचे. या दोहोंच्या मधली पाचवी ते आठवी ही चार वर्षे मात्र वाटेतल्या मुक्कामासारखी दुर्लक्षित राहतात. वास्तविक मुलाचे गणिताशी नाते जुळते किंवा कायमचे तुटते, ते याच काळात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी सहा ते चौदा या वयोगटाला, म्हणजे आठवीपर्यंत दिली आहे. आठवीनंतर ज्याची शाळा सुटते, त्याच्या शिदोरीत जेवढे गणित बांधलेले असेल, तेवढ्यावरच त्याला पुढचे सारे व्यवहार निभावून न्यावे लागतात.

ही शिदोरी किती अपुरी आहे? २०२४च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले सुमारे ४६ टक्के आढळली. हा भागाकार तिसरी-चौथीच्या पातळीचा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले आठवीच्या वर्गात बसली आहेत खरी, पण त्यांचे गणित मागेच थांबले आहे. ते नेमके कोठे थांबते, याचा विचार करणे हे शिक्षकांचे आणि पालकांचे समान कर्तव्य आहे.

मोजणीकडून प्रमाणाकडे

चौथीपर्यंत संख्या म्हणजे मोजणी. सातानंतर आठ येतात, बेरजेने संख्या वाढते, गुणाकाराने त्याहून अधिक वाढते, भागाकाराने घटते. मुलाचा हा अनुभव पक्का झालेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी अपूर्णांक त्याच्यापुढे उभे राहतात. आता एक द्वितीयांशानंतर ‘पुढची’ संख्या कोणती, या प्रश्नाला उत्तर नाही. निम्म्याला निम्म्याने गुणले तर पाव येतो, म्हणजे गुणाकाराने संख्या लहान झाली. सहाला निम्म्याने भागले तर बारा येतात, म्हणजे भागाकाराने ती मोठी झाली. मुलाने चार वर्षे मनाशी धरलेले नियम एकाएकी मोडतात. ते का मोडले, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘खालचा अंक वर घे आणि गुण’ एवढी कृती मात्र सांगितली जाते.

परिणाम प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. निम्मे आणि एक तृतीयांश यांची बेरीज मूल दोन पंचमांश लिहिते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. दोन पंचमांश हे निम्म्याहूनही कमी आहेत, तेव्हा निम्म्यात काही मिळवून उत्तर निम्म्यापेक्षा लहान कसे येईल, हा प्रश्न त्याच्या मनात उमटतच नाही. तीच गत दशांश अपूर्णांकांची. ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की पस्तीस आठांपेक्षा मोठे म्हणून मूल ०.३५ वर बोट ठेवते. ही चूक आळसाची नव्हे. मुलाने मोजणीचा नियम प्रामाणिकपणे चालवला आहे. नियमाची हद्द संपल्याचे त्याला कोणी दाखवलेले नाही.

या ठिकाणी मराठी भाषेजवळ एक मोलाची ठेव आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द मराठी मूल शाळेत येण्यापूर्वीच ऐकते. मागील पिढ्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी म्हणत असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ वजने-मापे बदलली, आणे-पैचे हिशेब संपले आणि हे पाढेही मागे पडले. ते पुन्हा सक्तीने घोकून घ्यावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘तीन चतुर्थांश’ हा पुस्तकी शब्द आणि घरातला ‘पाऊण’ ही एकच वस्तू आहे, एवढे जरी वर्गात स्पष्ट झाले, तरी अर्धी भीती सरते.

ऋण आणि धन

सहावीच्या सुमारास शून्याच्या अलीकडच्या संख्या येतात. शून्यापेक्षा कमी काय असू शकते, हा मुलाचा प्रश्न रास्त आहे. युरोपातील काही गणिती अठराव्या शतकापर्यंत हाच प्रश्न विचारीत होते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या क्रियांचे नियम दिले. धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज, ही नावेच अर्थ सांगतात. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हा नियम विद्यार्थी मंत्रासारखा पाठ करतात. तोच दुकानाच्या वहीतून पाहावा. प्रत्येकी पाच रुपयांच्या तीन उधाऱ्या वहीतून खोडल्या, तर गिऱ्हाईकाची स्थिती पंधरा रुपयांनी सुधारते. कर्ज काढून घेणे म्हणजे धन मिळणे. सहावीच्या मुलाला हे सहज पटते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, असे ब्रह्मगुप्ताने म्हटले होते आणि आजचे गणित ते मानीत नाही. पूर्वसूरींची थोरवी याने उणी होत नाही. उलट गणितात थोरांचेही विधान तपासून घेतले जाते, हा संस्कार मुलांना यातूनच मिळतो.

त्रैराशिक : सर्वांचा कणा

गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज, नकाशाची मोजपट्टी, वेग हे धडे पुस्तकात वेगवेगळे छापलेले असतात. त्यांचा कणा मात्र एकच आहे, तो म्हणजे त्रैराशिक. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास त्याचा नियम दिला. भास्कराचार्यांनी इ.स. ११५०च्या ‘लीलावती’त त्याचा विस्तार व्यस्त त्रैराशिक, पंचराशिक आणि त्यापुढेही नेला. हरीने जसे विश्व व्यापले आहे, तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी. पाच किलो तांदळाला २४० रुपये पडतात, तर आठ किलोला किती? पाच हे प्रमाण, २४० हे फल, आठ ही इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर ३८४ रुपये.

पण रीत येणे आणि रीत कोठे लावायची हे कळणे, यांत मोठे अंतर आहे. सहा मजूर एक काम दहा दिवसांत करतात, तर चार मजुरांना पंधरा दिवस लागतात. मजूर घटले की दिवस वाढतात. एक सदरा उन्हात दोन तासांत वाळतो, तर दोरीवर शेजारी टाकलेले पाच सदरे किती तासांत वाळतील? केवळ रीत शिकलेले मूल ‘दहा’ असे उत्तर देते. विचार करणारे मूल हसते आणि ‘दोनच’ म्हणते. त्या हसण्यात जेवढे गणित आहे, तेवढे सोडवलेल्या शंभर उदाहरणांत असेलच असे नाही.

यातील गांभीर्य शाळेबाहेर दिसते. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो, तेव्हा तो दरमहाचा दर असतो. दहा हजारांवर महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे. व्याज थकून मुदलात मिळत गेले, तर वर्षअखेरीस देणे सुमारे १४,२५८ रुपये होते. दुकानदार किंमत वीस टक्क्यांनी वाढवून मग वीस टक्के सूट देतो. शंभराची वस्तू १२० होऊन ९६ला येते. गिऱ्हाईकाला चोवीस रुपये वाचल्याचा आनंद होतो, प्रत्यक्षात वाचलेले असतात चार. हे सारे सातवी-आठवीचे गणित आहे. ते ज्याला उमगले नाही, त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही.

अव्यक्ताची ओळख

बीजगणितात अक्षरे येतात, तेव्हा आणखी काही मुले मागे पडतात. ‘८ + ४ = चौकट + ५’ या मांडणीत चौकटीत काय येईल? अनेक मुले बारा लिहितात, कारण बरोबर हे चिन्ह त्यांना ‘आता उत्तर लिही’ असे सांगत असते. ती दोन्ही पारडी समान असलेली तागडी आहे, हे कळले की सात हे उत्तर आपोआप येते आणि समीकरणाची वाट खुली होते. भारतीय गणितज्ञ अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि एकाहून अधिक अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. लिहिताना त्यांची आद्याक्षरे ‘या’, ‘का’, ‘नी’ वापरीत. ज्याची किंमत अजून कळलेली नाही त्याला नाव देऊन त्याच्याशी व्यवहार करणे, हा बीजगणिताचा गाभा आहे. अक्षर इंग्रजी की मराठी, हा प्रश्न गौण.

वारसा आणि जबाबदारी

शून्य भारताने दिले, हे वाक्य प्रत्येक मुलाला येते. त्याच मुलाला पाऊण किलोत पाव-पाव किलोच्या किती पुड्या होतील हे सांगता येत नसेल, तर तो अभिमान पोकळ ठरतो. पूर्वजांनी वारसा कसा जपला, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे इ.स. १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्याला राजकुळाने दाने दिली, याची नोंद त्यात आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठाला दिल्याचा मजकूर तर जुन्या मराठीत कोरलेला आहे. त्या पिढीने आचार्यांच्या ग्रंथांचे केवळ गुणगान केले नाही. ते शिकवले जावेत म्हणून आपल्या उत्पन्नातला हिस्सा बाजूला काढला.

आज तसा हिस्सा वेळेचा हवा आहे. शिक्षकांनी उत्तर तपासण्याआधी ‘हे उत्तर संभवते का?’ असे विचारावे. पालकांनी दुकानाची पावती, विजेचे देयक, बँकेच्या हप्त्याचा कागद मुलासमोर ठेवून आठवड्यातून एकदा तरी त्याच्याकडून हिशेब करून घ्यावा. चूक झाली तर रागावण्यापूर्वी त्याने कसा विचार केला, हे ऐकून घ्यावे. पाचवीत अडलेले मूल आठवीत आपोआप सुटत नाही; त्याला कोणीतरी पाचवीपर्यंत मागे जाऊन हात धरून आणावे लागते. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे आणि ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक घरात आजपासून सुरू होऊ शकते.