शेवटच्या एसटीच्या आत

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

तुमच्यापैकी निम्मे जण हा भाग गाडीत बसून ऐकत असणार, तेव्हा सुरुवातही गाडीपासूनच करू.

मुरबाडला अजून रेल्वे नाही. त्यामुळे आमच्या धसईच्या बाजूच्या मुलाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं तर हिशोब असा: पाड्यावरून धसईपर्यंत पायी किंवा कुणाच्या तरी बाइकवर, धसई ते मुरबाड एसटी, मिळाली नाही तर जीप. मुरबाड ते कल्याण पुन्हा एसटी. आणि तिथून पुढे, विद्यापीठ जिथे असेल तिथली गाडी. सकाळी अंधारात निघालेला माणूस बाराच्या सुमाराला दारात पोचतो. परतीची शेवटची गाडी धरायची तर तीनला उठायलाच लागतं. म्हणजे हातात आले तीन तास. त्यातला एक जेवणाच्या सुट्टीत जातो. सुट्टी आपली नव्हे, काउंटरवरच्या माणसाची.

हे सगळं आज का सांगतोय? मागच्या वर्षी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मला बैठकीला बोलावलं, जुना विद्यार्थी म्हणून. नाव घेत नाही, कारण अशी बैठक कुठल्याही विद्यापीठात झाली असती. विषय होता 'सामायिक तंत्रज्ञान आणि अध्ययन कक्ष'. नाव भारदस्त, अर्थ साधा. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, ज्यांना चौघांनी मिळून काम करायचंय, ज्याला काही बनवून बघायचंय, अशांसाठी एक खोली. पुस्तकं शेजारीच.

पडद्यावर नकाशा झकास होता. चाकांची टेबलं, थ्रीडी प्रिंटर, व्हीआरचे चष्मे, रेकॉर्डिंगसाठी काचेची केबिन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? केबिन बघून मनात आलं, पुढचा भाग इथेच रेकॉर्ड करू.

मग मी विचारलं, "सर, ही खोली किती वाजता उघडणार? आणि उघडणार कोण?"

ते नकाशात नव्हतं.

"ते नंतर ठरवू," सर म्हणाले. रागाने नाही, अगदी सहज. आणि मला धसई आठवलं.

तुमच्यातल्या काहींना धसई हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात भेटलं असेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली आणि १ डिसेंबरला धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मधे दिवस किती, तर तेवीस. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान आणि बँक ऑफ बडोदा यांनी पुढाकार घेतला, दुकानांत कार्ड घासायची मशीन आली. किराणावाला, गिरणीवाला, वडापाववाला. टीव्हीवाल्यांना अर्थातच वडापाववाला आवडला.

धसई ही आसपासच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, सगळे मीठ-मिरचीला तिथेच येतात. नंतर वार्ताहर पुन्हा गावात आले तेव्हा गल्ल्यात परत रोकड फिरत होती. कारणं कुणालाही समजतील अशी. रेंज जायची. व्यवहारामागे पैसे कापले जायचे. आणि पाड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकाकडे कार्डच नसायचं. मशीन दुकानदाराला मिळालं होतं, कार्ड मात्र गिऱ्हाइकाकडे लागतं ना!

मी यावर हसणाऱ्यांतला नाही. गावाने मनापासून करून बघितलं. आणि पुढची गंमत बघा, डिजिटल पैसा आमच्याकडे आलाच. क्यूआर कोडचा कागद दुकानाच्या फळीवर चिकटला आणि काम झालं. रेंज आजही जाते, रोकडही चालते, पण दुकानात वेगळं मशीन लागत नाही, आणि फोन गिऱ्हाइकाच्या खिशात आधीपासूनच होता. जे खिशात होतं त्याच्यावर गोष्ट उभी राहिली, म्हणून ती टिकली.

आता हेच त्या खोलीला लावून बघू.

आमच्या बाजूची एक मुलगी. नाव नाही सांगत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट चाळीस पानांचा, मराठीत, आणि तिने तो सगळा अंगठ्याने टाइप केला. फोनवर. रात्री, कारण दिवसा फोन भावाकडे. मुरबाडला झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली तर जोडाक्षरं फुटलेली, तक्ते पानाबाहेर. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर जुना फाँट होता, तिचं टायपिंग युनिकोडमधलं. तो म्हणाला, पुन्हा टाइप करून देतो, पानाचे इतके पैसे. तिने मला फोन केला, "दादा, गाडी सुटेल. काय करू?"

मी तिला म्हटलं, गाडी धर. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवरून पीडीएफ करून पाठवली. फाँट पीडीएफमध्येच बसतो, मग कुठेही छापा, अक्षर फुटत नाही. एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम, पण ती दोन मिनिटं तिला कुठे मिळणार होती?

बैठकीत मी हीच गोष्ट सांगितली आणि म्हटलं, व्हीआरचे चष्मे राहू द्या थोडे दिवस. येणारा मुलगा फोन घेऊन येतोय, तर खोली फोनभोवती रचू. कीबोर्ड ठेवा, ओटीजी केबली ठेवा. बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनला कीबोर्ड जोडता येतो, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. स्वस्त फोनमधून केबलने चित्र मोठ्या पडद्यावर जाईलच असं नाही, त्यासाठी वायफायवर चालणारे पडदे ठेवा आणि काही कॉम्प्युटरही ठेवाच. स्कॅनर ठेवा. प्रिंटर ठेवा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो इतक्या केबीच्या आत पाहिजे म्हणतात ना, त्या 'इतक्या केबी'पायी किती फॉर्म अडकलेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि इन्व्हर्टर. आमच्याकडे पावसात लाइट जाते, शहरात जात नाही असं शहरवाल्यांना वाटतं.

एक मॅडम म्हणाल्या, "मग ते सायबर कॅफेच झालं की. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे करायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. नुसते फॉर्म भरायचे असतील तर विद्यापीठ कशाला पाहिजे? मला उत्तर लगेच सुचलं नाही, चहानंतर सुचलं. पाबळ.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएचडी केलेला, कंपनीत संशोधन करणारा माणूस दुष्काळी गावात येऊन शाळेच्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्ततपासणी शिकवायला लागला. हाताने करत शिकायचं आणि शिकताना गावाचं काम करायचं. २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. मुंबईत नाही, बंगळुरात नाही, पाबळला! पण मशीन आली तेव्हा तिथे जवळजवळ वीस वर्षं हाताला काम होतं. दुधाची प्रत कशी मोजायची, डिझेल इंजिनाचं टायमिंग कसं बघायचं, हे प्रश्न आधी गावात होते. मशीन त्यांच्या मागून आलं.

म्हणून मी थ्रीडी प्रिंटरच्या विरोधात नाही. एक घ्या. पण त्याच्या शेजारी एक वही ठेवा: कुणाला काय बनवायचंय, काय मोडलंय. वही भरायला लागली की दुसरा घ्या. आणि फॉर्म भरायला आलेली मुलगी त्याच खोलीत ती वही बघेल, तेव्हा ते सायबर कॅफे राहणार नाही.

आता वेळेचं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना रंगनाथन पाठ असतात. मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल, १९२४ पासूनचे. १९३१ मध्ये त्यांचे पाच नियम पुस्तकरूपाने आले, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. पाचही नियम आपल्याकडच्या ग्रंथालयांत भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात. त्याच फ्रेमखाली 'दुपारी १.३० ते २.३० बंद' अशी पाटी मी स्वतः पाहिलीय.

माझं म्हणणं असं की खोलीचं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकावरून उलटं मोजत आणा. लांबून येणाऱ्याची शेवटची गाडी कधी, तो किती वाजता उठणार, म्हणून किती वाजता पोचून बसला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत खोली बंद होता कामा नये. त्यासाठी जास्तीचा माणूस नाही म्हणतात, तर 'कमवा आणि शिका'तली मुलं आहेत की! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमधून रुजलेली ही गोष्ट, त्यासाठी परदेशातला नमुना बघायला नको. किल्ली त्यांच्याकडे द्या. पीडीएफ कशी करायची हे वर्षापूर्वी ज्याला येत नव्हतं, तो ते सगळ्यात नीट शिकवतो.

आणि जो येऊच शकत नाही त्याचं काय? इथे मला अजून पूर्ण उत्तर नाही. काही गोष्टी आजही घरून होतात, त्या सांगून ठेवतो. शोधगंगावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध फुकट वाचता येतात, लॉगिन लागत नाही. तुमचं कॉलेज एन-लिस्टचं सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागा, हजारो जर्नल्स आणि ई-पुस्तकं फोनवर उघडतात. हक्काने मागा, कारण खूपदा लॉगिन असतं आणि कुणी मागितलेलंच नसतं. पण कीबोर्ड, स्कॅनर आणि शेजारी बसून दाखवणारा माणूस फोनमधून येत नाही. म्हणून मी लेखी दिलंय की खोलीतल्या सामानातला एक संच, चार कीबोर्ड, एक स्कॅनर, एक प्रिंटर, महिन्यातून दोन दिवस धसईसारख्या बाजाराच्या गावी न्यावा. शाळेची एक खोली मागू. रंगनाथन यांच्या काळात, १९३१ मध्येच, तिकडे मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव फिरली होती. आपल्याकडे निदान डांबरी रस्ता आहे.

झालं काय, तेही सांगतो. दुपारची सुट्टी गेली, खोली सलग उघडी राहणार. थ्रीडी प्रिंटर तीनाचा एक झाला. ओटीजी केबली यादीत आल्या, सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणून सगळ्यात लवकर मंजूर. किल्ली विद्यार्थ्यांकडे द्यायला अजून तयारी नाही, 'जबाबदारी कुणाची' यावर फाइल थांबलीय. धसईच्या संचावर 'पुढील बैठकीत विचार' असा शेरा आहे. काचेची केबिन आहे तशीच आहे. मी बोललो नाही तिच्याविरुद्ध.

ती मुलगी पास झाली. एम.ए.ला प्रवेश घेतला नाही. रोजचं जाणं-येणं जमणार नाही, असं घरी ठरलं.

पुढची बैठक जूनमध्ये आहे. या वेळी मी कागद घेऊन जाणार आहे, त्यावर गावांची नावं आणि समोर शेवटच्या गाडीची वेळ. मुरबाड आणि शहापूरची थोडी माहिती जमवलीय, पण पावसाळ्यात गाड्यांच्या वेळा बदलतात. तुमच्या कॉलेजच्या गावाहून तुमच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि ती खरंच सुटते का, एवढं मला कळवा.