स्मृतिभ्रंश आणि संगीतकौशल्य



शिक्षण आणि सराव यांतून माणसाच्या अंगी येणाऱ्या कौशल्याला अर्थशास्त्र ‘मानवी भांडवल’ म्हणते. स्मृती गेली की हे भांडवलही बुडाले, असा सर्वसाधारण समज आहे. संगीताच्या बाबतीत तो पूर्णतः खरा नाही.

ब्रिटिश संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ मध्ये हर्पीस विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. त्यानंतर अर्ध्या मिनिटापूर्वीचे बोलणेही त्यांच्या लक्षात राहीनासे झाले; पूर्वायुष्यातील बहुतेक प्रसंग पुसले गेले. तरीही स्वरलिपी समोर ठेवली की ते पियानो वाजवीत, वृंदगायनाचे संचालनही करीत. थोड्याच वेळात मात्र आपण वाजवले, याची आठवण उरत नसे.

याचे कारण असे की, स्मृती हे एकच कोठार नव्हे. नव्या घटनांची नोंद मेंदूतील हिप्पोकॅम्पस व त्यालगतच्या भागांवर अवलंबून असते. सरावाने अंगवळणी पडलेल्या हालचालींचा भार मुख्यतः लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया वाहतात. एका भागाची हानी झाली तरी दुसऱ्याचे कार्य चालू राहू शकते.

अर्थात, ही शिल्लक अक्षय नाही. अल्झायमरसारखा आजार बळावत जातो, तशी बोटांची सफाईही ओसरते. नवी रचना शिकणे तर त्याआधीच अवघड झालेले असते. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. आपली संगीतपरंपरा प्रामुख्याने गुरुमुखातून चालत आली असून अनेक चाली कागदावर उतरलेल्याच नाहीत. त्या जाणणाऱ्या वृद्ध कलावंताला चालीचे नाव विचारले, तर कदाचित उत्तर मिळणार नाही. परंतु सवयीचे वाद्य हाती दिले आणि ओळखीचा ठेका धरला, तर तीच चाल बोटांतून उमटण्याची शक्यता असते.

तेव्हा वृद्ध कलावंतांसाठीच्या योजना केवळ मानधनापुरत्या मर्यादित राहू नयेत. स्मृतीची वेळीच तपासणी, शिष्याचा नियमित सहवास आणि ध्वनिमुद्रण यांची जोड त्यांना मिळणे अगत्याचे आहे. यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. विलंबाने होणारी हानी मात्र कोणत्याही निधीतून भरून काढता येणार नाही.