एरंडेलाची चित्रकला

श्रोतेहो, 'रोगण' हा शब्द आपणांस नवा नाहीं. लाकडी सामानास लावावयाच्या तेलट, चकचकीत लेपाला आपण मराठींत रोगण म्हणतों. फारसींत ह्या शब्दाचा अर्थ नुसता 'तेल' असा आहे. कच्छमध्यें मात्र ह्याच नांवानें कापडावरील एक चित्रकला ओळखली जाते. भुजपासून सुमारें ४० किलोमीटरांवर निरोणा नांवाचें गांव आहे; तेथील एका खत्री कुटुंबानें ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आज बोलावयाचें तें तिच्याविषयीं.

तिचें सारें मर्म एरंडेलांत आहे. जवसाचें तेल उघड्यावर राहिलें तर कालांतरानें आपोआप वाळून त्यावर साय धरते; एरंडेल तसें वाळत नाहीं. मग चित्रासाठीं हेंच तेल कां? कच्छच्या रुक्ष जमिनींत एरंड पिकतो, आणि हाताशीं जें असेल त्यावरच कारागीर आपली विद्या उभी करतो. हें तेल सुमारें दोन दिवस विस्तवावर तापवितात. धूर फार आणि पेट घेण्याचें भयहि मोठें, म्हणून हें काम वस्तीपासून दूर उरकतात. उष्णतेनें तेलाचा मूळ धर्मच पालटतो. अखेर तें थंड पाण्यांत ओतलें म्हणजे मधाहूनहि दाट आणि चिकट असा गोळा हातीं येतो. तेंच रोगण. त्यांत खनिज रंगांची पूड दगडावर घोटून मिसळतात, आणि तयार रंग सुकूं नये म्हणून मातीच्या भांड्यांत पाण्याखालीं ठेवितात. तेलापाण्याचें वैर जगजाहीर आहे. येथें मात्र पाणीच तेलाची राखण करतें!

आतां चित्र काढण्याची रीत ऐका. कुंचला नाहीं, लाकडी ठसा नाहीं, आधीं आखून घेतलेली रेघहि नाहीं. कारागीर जमिनीवर बसतो, रंगाचा लहानसा गोळा डाव्या तळहातावर घेतो आणि वीतभर लांबीच्या बोथट लोखंडी सळईनें तो घोळवूं लागतो. तळहाताची ऊब लागली कीं रंग सैल पडतो, आणि सळईच्या टोकास धरून त्याचा केसासारखा तंतु निघतो. सळई कापडास टेकत नाहीं. हवेंत लोंबणारा तो तंतु तेवढा खालीं उतरतो. वेली, पानें, फुलें अशी आकृति पुष्कळदां अर्धीच काढतात. मग कापड मधोमध दुमडून हलकेंच दाबतात, आणि उघडतांच दुसरा अर्ध समोर उमटलेला असतो. निरोण्याचा प्रसिद्ध 'जीवनवृक्ष' असाच वाढतो. हात एकदां चुकला तर खोडण्याची सोय नाहीं.

ही कला दरबाराची नव्हे. कच्छांतील पशुपालक व शेतकरी समाजांतल्या स्त्रिया लग्नासाठीं रोगणाचे घागरे आणि ओढण्या घेत. भरगच्च भरतकामाच्या मानानें हें काम स्वस्त पडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रावरचें छापील कापड त्याहूनहि स्वस्त मिळूं लागलें, आणि गिऱ्हाईक तुटलें. बऱ्याच घरांनीं सळई खालीं ठेविली. अब्दुल गफूर खत्री हेहि तरुणपणीं पोटामागें मुंबईस गेले होते. वडीलधाऱ्यांनीं बोलाविल्यावर ते परतले. मुंबईनें किती कारागीर गिळले ह्याचा हिशेब कोणीं ठेविला आहे? हा एक तरी परत मिळाला. १९९७ मध्यें त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला; २०१४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं अमेरिकेच्या अध्यक्षांस त्यांचीं चित्रें भेट दिलीं; आणि २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

सन्मानापेक्षांहि मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच घटना. पूर्वीं ही विद्या घरच्या मुलींसहि शिकवीत नसत. मुलगी सासरीं जाईल आणि घरचें गुपित बरोबर नेईल, अशी भीति असे. २०१० च्या सुमारास ह्याच कुटुंबानें गांवच्या मुलींना शिकविण्यास आरंभ केला. गुपित राखूनच कला टिकते असें मानणाऱ्यांनीं हा प्रयोग जरूर पाहावा. एका घरापुरती उरलेली विद्या एका आजारानेंहि संपूं शकते.

एक गोष्ट मात्र मनास लागते. आज रोगणाचें गिऱ्हाईक बहुधा दूरचा प्रवासी असतो. तो कापड चौकटींत बसवून भिंतीवर टांगतो. अंगावर मिरवावयाचें वस्त्र कांचेआड गेलें. कारागिराची चूल त्यावर पेटते, तेव्हां तक्रार करण्याचा आपणांस अधिकार नाहीं. तथापि कच्छच्या नवरीनें पुन्हां रोगणाचा घागरा मागावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

आपणांपैकीं कोणी निरोण्यास गेलेंच, तर नुसतें पाहून परतूं नये. परवानगी घेऊन कापडावरून हलकेंच बोट फिरवावें. रोगणाची रेघ हाताला किंचित् उंच लागते. साध्या छापील कापडावर ती तशी लागत नाहीं.